अकराचा वारा

वाळवंटातला वसंत मोठा लबाड. हिवाळ्यात चार सरी पडल्या असतील तर फेब्रुवारी-मार्चमध्ये इवलीइवली फुलं येतात, आपण त्यांचं कौतुक करतो आणि ते कौतुक ओसरायच्या आत एप्रिलमधल्या एखाद्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो. मग हवा अशी ठप्प होते, की काटेरी झुडपाची काडीसुद्धा हलत नाही. उन्हाळा आता मुक्कामालाच आला अशी मनाची तयारी होत असते. आणि एका सकाळी, अकराच्या सुमाराला, घरातलं कुठलंतरी दार धाडकन आपटतं.

पावसाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला गारवा यायचा म्हणजे आधी आभाळ भरून यायला हवं, निदान चार ढग तरी हवेत. इथे तसली पूर्वसूचना नाही. आभाळ निळंच असतं, फक्त क्षितिजाची कड मळकट पिवळी दिसू लागते. सुरुवातीचा वारा तर चक्क गरम असतो. इजिप्तमधला खमसिन हा त्याचा नामांकित भाऊबंद: भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने पूर्वेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रापुढे तो आतल्या वाळवंटाची धग आणि धूळ उत्तरेकडे ओढून आणतो, जीव नकोसा करतो. आणि ते क्षेत्र पुढे सरकलं की वारा वायव्येकडून वाहू लागतो आणि पारा काही तासांत दहा-पंधरा अंशांनी उतरतो. म्हणून वाळवंटात वाऱ्याच्या जोरापेक्षा दिशेकडे लक्ष ठेवावं. जोर फसवतो.

अकराच का, हे मला फार दिवस पडलेलं कोडं होतं. उत्तर साधं आहे. रात्री जमीन झपाट्याने निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खाली बसून राहते. वरून जोराचे वारे वाहत असले तरी ते या थरावरून घसरून जातात. खाली आपल्याला सगळं शांत वाटतं. सूर्य वर आला, जमीन तापली, की गरम हवा उसळ्या मारत वर जाते आणि तिच्या जागी वरची हवा आपल्या वेगासकट खाली उतरते. ओल्या जमिनीत उन्हाचा बराचसा भाग पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडतो. इथे वाफ करायला पाणीच नाही. त्यामुळे ही घुसळण उन्हाळ्याच्या तोंडावर तीन-चार किलोमीटर उंचीपर्यंतही पोचते. संध्याकाळी जमीन निवू लागली की खालचा थर पुन्हा बसतो आणि वारा बहुतेक वेळा पडतो. वरच्या कमी दाबाचा जोर मोठा असेल तर मात्र रात्रभर खिडक्या वाजत राहतात.

मला खरी गंमत वाटते ती या उष्णतेच्या उथळपणाची. भर दुपारी वाळूवर अनवाणी पाऊल ठेववत नाही. पृष्ठभाग साठ अंशांच्याही वर गेलेला असतो. पण तिथेच हाताने उकरत वीतभर खाली गेलं तर बोटांना चक्क थंडावा लागतो. कोरड्या वाळूच्या कणांमध्ये हवा कोंडलेली असते, ती उष्णता खाली जाऊ देत नाही. कितीतरी किडे आणि सरडे दुपार याच तळघरात काढतात. हवेतही बाष्प नाही, ढग नाहीत, म्हणजे वरूनही उष्णता अडवून धरणारं कुणी नाही. आज मिळालं ते आजच उडवणाऱ्या माणसासारखं वाळवंट आहे. शिलकीत काही नाही. म्हणून तर इतके दिवस भाजणारी हवा एका दुपारी बदलून जाते आणि मागे तिची खूणही राहत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावरचं वाळवंट स्वतःही वारा बोलावून घेतं. कॅलिफोर्नियातली सॅन गॉर्गोनिओ खिंड पाहावी. दोन्ही अंगांना तीन हजार मीटरहून उंच डोंगर, पश्चिमेला गार प्रशांत महासागर, पूर्वेला तापलेलं वाळवंट. तापलेली हवा विरळ होऊन वर गेली, दाब घटला, की समुद्राकडची जड हवा त्या एवढ्याशा वाटेने आत घुसते आणि अरुंद जागेत तिचा वेग वाढतो. तिथे १९८०च्या दशकापासून पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी आहे. जागा निवडणाऱ्याला दाद द्यायला हवी.

धुळीची तक्रार सगळेच करतात, मीही करतो. पण वाळू आणि धूळ एकच नव्हेत. राल्फ बॅगनोल्ड हा ब्रिटिश लष्करातला इंजिनिअर इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात मोटारी घेऊन हिंडला आणि १९३०च्या दशकात मायदेशी परतल्यावर त्याने वाळू उडते कशी हे पाहायला वाऱ्याचा बोगदा बांधला. वाळूचा कण फार वर जात नाही. तो उडी मारतो, खाली पडताना दुसऱ्याला टोला देतो, मग तो उडतो. हे सगळं बहुतेक गुडघ्याच्या खालीच चालतं. अर्ध्या चड्डीत बाहेर पडलं की पोटऱ्यांना सुया टोचतात आणि तोंडाला काही लागत नाही, ते यामुळे. नाकात, कपाटात, कीबोर्डच्या फटींत जाऊन बसते ती धूळ. ती मात्र किलोमीटर-किलोमीटर उंच चढते.

दुसऱ्या दिवशी पारा पंचविशीच्या आत आणि लोक जाकिटं घालून हिंडतात. परवापर्यंत उकाड्याने हैराण झालेलेच आता वाऱ्याच्या नावाने बोटं मोडतात. माझं मत विचाराल तर मी वाऱ्याच्या बाजूचा. गारवा हवा पण धूळ नको, असा सौदा इथे होत नाही. कॅलिफोर्नियाची नारिंगी पॉपी असल्या दिवशी पाकळ्या मिटून घेते, तेवढा शहाणपणा पुरे. खिडक्या लावाव्यात, गाडी हळू चालवावी, धूळ दाट झाली तर रस्ता सोडून बाजूला थांबावं आणि गाडीचे दिवे बंद करावेत, नाहीतर मागचा तुमचे दिवे धरून सरळ येऊन आदळतो.

गारवा टिकतो किती म्हणाल, तर वरचं कमी दाबाचं क्षेत्र पुढे सरकेपर्यंत. हवामान खात्याचा नवा अंदाज बघितला: पुढच्या आठवड्यात अडतीस.