दहा रुपयांचं तिकीट

श्रावणातल्या एका सोमवारी वाईहून एक काकू आणि त्यांचा मुलगा माझ्या जुन्या टपाल तिकिटांच्या दुकानात आले. पिशवीत जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली फ्रेम होती. काचेमागे पांढऱ्या ड्रॉइंग पेपरवर मधोमध एकच तिकीट: गांधीजी, दहा रुपये, १९४८.

"हेच तिकीट इंग्लंडमध्ये चार कोटींना गेलं ना?" मुलाने बसायच्या आधीच विचारलं.

काकूंचं म्हणणं अगदी उलटं. आदल्या आठवड्यात एका व्यापाऱ्याने तिकीट नकली ठरवून 'आठवण म्हणून ठेवून घेतो' असं सांगत हजार रुपये पुढे केले होते. "आमचे मामंजी पोस्टात कारकून होते," त्या म्हणाल्या. "पंधरा ऑगस्टला खिडकीवर बसले होते, तिथेच स्वतःच्या पैशाने घेतलं. नकली कसं असेल?"

कोटीची गोष्ट मी तिथेच मिटवली. २०१७ साली पाच लाख पौंडांना गेली ती चार तिकिटांची जोडपट्टी, आणि तिच्यावर 'सर्व्हिस' असं इंग्रजीत छापलेलं होतं. गव्हर्नर-जनरलच्या कचेरीसाठी अशी मोजकीच छापली होती. साधं दहा रुपयांचं तिकीट वेगळं. मुलाचा चेहरा उतरला, पण अशी आशा मी कुणाला अर्धा तासही ठेवू देत नाही. पुढे जास्त त्रास होतो.

नकलीची शंका मात्र तपासल्याशिवाय सोडता येत नव्हती. या तिकिटाच्या नकला बाजारात ढिगाने आहेत, आणि आमच्या धंद्यात घरची हकिकत पुरावा धरत नाहीत. काकूंच्या परवानगीने काच काढली. आधी परफोरेशन गेज, म्हणजे कडेची भोकं मोजायची पट्टी, लावलं. १५ ऑगस्ट १९४८ची ही चार तिकिटं, म्हणजे दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये, स्वित्झर्लंडच्या कुर्व्हाझिए छापखान्यातून आली. त्यांचं परफोरेशन साडेअकरा, म्हणजे दोन सेंटिमीटरला साडेअकरा भोकं. चारही कडा जुळल्या. मग दहापटीचं भिंग. नकली तिकीट बहुधा ऑफसेटवर छापलेलं असतं, भिंगाखाली गालावर सुटे सुटे ठिपके फुटतात. इथे खऱ्या तिकिटाच्या फोटोग्रॅव्ह्युअर छपाईची मऊ छटा होती, कपाळावरची सावली सलग उतरलेली. नागरी आणि उर्दूतलं 'बापू'सुद्धा स्वच्छ.

शेवटी ट्यूब बंद केली आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्च लावला. आजकालच्या कागदात चमक आणणारी रसायनं असतात, १९४८च्या कागदात ती नसायची. ड्रॉइंग पेपर निळसर पांढरा पेटल्यासारखा उजळला आणि त्याच्या मधोमध तिकीट काळोखा चौकोन होऊन बसलं. एवढ्या एका खुणेवर निकाल द्यायचा नसतो, पण आधीच्या दोन खुणांना ही जोडली की माझ्या मनात शंका उरली नाही.

"काकू, तिकीट खरं आहे," मी म्हणालो. त्यांनी पदराने डोळे टिपले. त्या व्यापाऱ्याला हे कळलं नसेल असं मला वाटत नाही. भिंग त्याच्याकडेही असणार. अशा माणसांमुळे लोक तिकिटं घेऊन आमच्याकडे यायला घाबरतात, याचा मला फार राग येतो.

पण पुढचं सांगणं जड होतं. तिकीट कागदाला पक्कं चिकटलेलं होतं.

"कुणी चिकटवलं?"

"मीच. हे गेले त्या वर्षी. पाकिटात राहिलं तर हरवेल म्हणून. फेव्हिकॉल लावला."

कोऱ्या तिकिटाची निम्मी किंमत त्याच्या पाठीमागे असते. मूळ गोंद शाबूत, हिंजचा (अल्बममध्ये तिकीट लावायच्या कागदी पट्टीचा) डागही नाही, अशा दहा रुपयांच्या गांधीजींना पाच आकडी रक्कम मिळते. इथे पाठ दिसतच नव्हती. भिजवून काढलं तर मूळ गोंद धुऊन जाणार, आणि ओढताना कागदाचा थर निघाला तर तिकीट 'थिन' होणार. मुलगा म्हणाला, कोमट पाण्यात ठेवून बघू. मी हात जोडून नको म्हणालो. खालच्या कागदासकट कापून, दोष लिहून विकायचं ठरलं.

माझ्याकडे एक शाळामास्तर येतात. त्यांच्या अल्बममध्ये या चौकडीतली तीन तिकिटं आहेत आणि चौथ्याची जागा कित्येक वर्षं रिकामी. निर्दोष तिकीट त्यांना परवडत नाही. त्यांना फोन करून सगळा दोष सांगितला. संध्याकाळी ते आले, भिंगातून बराच वेळ पाहिलं, आणि निर्दोष तिकिटाच्या साधारण चौथाई भावाला सौदा झाला. त्या हजाराच्या कितीतरी पट.

पैसे मोजून झाल्यावर काकूंनी विचारलं, "दहा रुपये तेव्हा किती मोठे होते हो?"

"तेवढ्यात दीड आण्याची शंभरावर तिकिटं आली असती."

"सासूबाई महिनाभर बोलल्या नव्हत्या म्हणे," त्या म्हणाल्या.

फ्रेम त्यांनी परत मागून घेतली. मी कागदात तिकिटाएवढा चौकोन कापला होता, त्यातून मागचा पुठ्ठा दिसत होता. त्यांनी पर्समधून मामंजींचा टोपीतला पासपोर्ट फोटो काढला आणि त्या खिडकीवर धरून पाहिला. फोटो थोडा मोठा होता. मी चौकोन दोन्ही बाजूंनी जरा वाढवून दिला. फोटो मात्र चिकटवू दिला नाही, चार कोपऱ्यांना कागदी खाचा करून बसवला.