गल्ल्यातली विसाची नोट

काल रात्री शटर अर्धं ओढून गल्ला मोजत होतो, तर एक विसाची नोट हाती लागली. फाटलेली, वर सेलोटेप. गर्दीत पोरानं न बघता घेतली असणार. पोराला दोन शब्द ऐकवले आणि हिशोब सोडून त्या नोटेकडेच बघत बसलो.

टेप नेमका भाषांच्या पट्टीवर होता. पट्टीत १५ ओळी. हिंदी आणि इंग्रजी वेगळ्या, ठळक. मराठी आठवी, म्हणजे वरून मोजा नाहीतर खालून, बरोबर मधली. मान म्हणून नव्हे, इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं तिथं आलीय. कन्नड चौथी, तेलुगू चौदावी, उर्दू शेवटची.

उदगीरला दुकानात बसलं की याच चार भाषा कानावर पडतात. बिदर-भालकीकडची माणसं आपसात कन्नडमध्ये ठरवतात आणि माझ्याशी मराठीत घासाघीस करतात. निजामाबादचा ट्रकवाला फोनवर तेलुगूत भांडतो, चहा मात्र हिंदी-उर्दूच्या खिचडीत मागतो. मला कन्नडमधले आकडे येतात तेवढे पुरतात.

आमचे आजोबा शाळेत उर्दू शिकले. निजामाचं राज्य, दुसरी सोय नव्हती. घरी मोडी. नोट हातात आली की ते पट्टी खालून वाचायचे, उजवीकडून डावीकडं बोट फिरवत. त्यांच्या डब्यात चारमिनारचा चांदीचा रुपया होता. निजामाचा रुपया तो हाली. इंग्रजांचा रुपया तो कलदार. ७ हाली म्हणजे ६ कलदार, हा हिशोब त्यांना मरेपर्यंत तोंडपाठ होता. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला, तरी हाली १९५९ पर्यंत बाजारात चालला. तेव्हा झेंडा एक आणि पिशवीत पैसे दोन राज्यांचे, असं आजोबा हसून सांगायचे.

गंमत म्हणजे निजामाच्या नोटांवरही उर्दूसोबत मराठी, कन्नड, तेलुगू छापलेलं असे. नोटेवर जागा होती, शाळेत नव्हती. म्हणून मला नुसत्या छापलेल्या ओळीचं फार कौतुक वाटत नाही. पण आजोबांना सारनाथचे सिंह आले तरी आपली उर्दूची ओळ राहिली याचं बरं वाटायचं. ज्या राजवटीवर त्यांचा राग होता तिची भाषा त्यांनी टाकली नाही, आणि कुणी त्यांना टाकायला लावलीही नाही.

ऑगस्ट आला की उदगीरला विणल्या जाणाऱ्या ध्वजाच्या खादीची बातमी येते, फोटो येतात. येऊ देत, अभिमानच आहे. विसाच्या नोटेवर २०१९ पासून वेरूळची लेणी आहेत, हे मात्र आमच्या पोराला काल कळलं. तेही बरोबरच, खाली ‘एलोरा’ लिहिलंय, त्याला वाटलं दक्षिणेकडचं काहीतरी. सहावीच्या सहलीला गेला होता तिथं! बौद्ध, हिंदू, जैन मिळून ३४ लेणी, एकाच डोंगरात. त्याला आठवत होती ती फक्त माकडं.

सकाळी दूधवाल्याला ती नोट दिली. टेप बघून कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटला आणि परत केली. दुसरी दिली.