आमची वाटचाल : कोऱ्या पट्टीपासून पुढे

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, कांदा-बटाटा विभागातल्या एका गाळ्यावर मी 2003 साली हिशेबाला लागले. काम पट्ट्या करण्याचं. शेतकऱ्याचा माल विकला गेला की त्याला मिळणारा हिशेबाचा कागद म्हणजे पट्टी. वक्कल, म्हणजे एकत्र विकायला लावलेला माल, किती डागांचं (पोत्यांचं), वजन किती, भाव काय लागला (पुण्यात कांद्याचा भाव दहा किलोचा बोलतात), मग आडत (आडत्याचं कमिशन), हमाली, तोलाई (वजन करण्याची मजुरी), मोटारभाडं, आधी घेतलेली उचल वजा जाता हातात किती. सीझनला दिवसाला दीडदीडशे पट्ट्या व्हायच्या. शेतकरी समोर उभा असतो, त्याला परतीची गाडी गाठायची असते आणि तो कागद तो घरी जाऊन चार जणांना दाखवणार असतो.

गाळ्यावर कॉम्प्युटर होता आणि कुणीतरी लिहून दिलेला एक प्रोग्रॅमही होता. हमालीचा दर बदलला की तो पाच ठिकाणी बदलावा लागे. पट्टीत बदलला आणि खतावणीत राहिला की रात्री मेळ बसत नसे. लिहिणारा केव्हाच शहर सोडून गेला होता. मला त्या प्रोग्रॅमची चीड येण्यापेक्षा एक प्रश्न जास्त छळायचा: हमालीचा दर माहीत असणं हे नेमकं कुणाचं काम?

2005च्या पावसाळ्यात अप्पा बळवंत चौकात एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून जावा, म्हणजे प्रोग्रॅम लिहिण्याची एक भाषा, शिकवणारं एक प्राथमिक पुस्तक घेतलं. क्लासची फी परवडणारी नव्हती. पुस्तक इंग्रजी, माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. यार्ड शनिवारी बंद, म्हणून शनिवार अभ्यासाचा. बिबवेवाडीतल्या घरी धाकट्या भावाचा कॉम्प्युटर होता. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दिलेला प्रत्येक प्रश्न सोडवायचा, एकही सोडायचा नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं. पूर्ण पुस्तकाला चौदा महिने लागले.

सुरुवातीचं सगळं मुकाट्याने पाठ केलं. 'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन' मंत्रासारखं लिहायचं, फाइलचं नाव आणि क्लासचं नाव अक्षरन् अक्षर सारखं ठेवायचं, मोजणी शून्यापासून करायची. पुस्तक जुनं होतं आणि कॉम्प्युटरवर जावाची 2004ची पाचवी आवृत्ती होती. त्यामुळे पुस्तकाप्रमाणे यादी केली की कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम तपासून मशीनला चालेल असा करणारा) दरवेळी सावधानतेची एक ओळ दाखवायचा, पण प्रोग्रॅम चालायचा. त्या ओळीचा अर्थ शोधता शोधता मला जेनेरिक्स समजलं: यादीत काय ठेवणार हे आधीच सांगून टाकायचं, म्हणजे पट्ट्यांच्या यादीत चुकून उचलीची पावती शिरत नाही.

क्लास आणि ऑब्जेक्ट यांतला फरक मात्र तीन शनिवार कळला नाही. पुस्तकात कुत्र्या-मांजरांची उदाहरणं होती, ती माझ्या कामाची नव्हती. चौथ्या शनिवारी टेबलावर छापखान्यातून आलेलं कोरं पट्टीबुक पडलं होतं. नाव, गाव, डाग, वजन, भाव, सगळे रकाने छापलेले आणि रिकामे. कोरी पट्टी म्हणजे क्लास. मी नाव-गाव घालून भरली की ती ऑब्जेक्ट. रकाने सगळ्यांचे तेच, आकडे प्रत्येकीचे वेगळे. आणि जावातली पट्टी कागदाच्या पट्टीच्या पुढे जाते, कारण तिला स्वतःची बेरीज स्वतः करता येते. तिला 'निव्वळ किती?' विचारायचं, ती सांगते. वजनाचा रकाना 'प्रायव्हेट' केला की बाहेरून कुणी येऊन खाडाखोड करू शकत नाही. माझ्या जुन्या प्रश्नाचं उत्तर तिथेच होतं: हमालीचा दर एकाच ठिकाणी ठेवायचा, बाकीच्यांनी तिथे विचारायचं.

पुढे समजलं की ही सगळी कल्पना नॉर्वेत ओस्लोला क्रिस्टेन निगार्ड आणि ओले-योहान डाल यांनी 1960च्या दशकात सिम्युला या भाषेत मांडली, आणि मुळात ती रांगा आणि कामकाजाची नक्कल कॉम्प्युटरवर करून बघण्यासाठी होती. मला ते वाचून फार बरं वाटलं. पहाटे यार्डाच्या गेटवर लागलेली ट्रकची रांग मी रोज बघत होते.

इनहेरिटन्सच्या, म्हणजे एका क्लासने दुसऱ्याचे गुण वारशाने घेण्याच्या, प्रकरणाने मला सर्वांत जास्त शिकवलं, आणि ते चुकून. पुस्तकात 'इज अ' (हा अमुक आहे) आणि 'हॅज अ' (याच्याकडे अमुक आहे) असा भेद होता. मराठीत दोन्हीला 'आहे'च. हा शेतकरी आहे, त्याच्याकडे खातं आहे. त्यामुळे तो भेद माझ्या कानाला जाणवलाच नाही. मी 'व्यक्ती' असा मूळ क्लास केला, त्याखाली 'शेतकरी' आणि 'खरेदीदार' असे दोन. महिनाभराने एक गृहस्थ आले, स्वतःचा कांदा विकायचे आणि बटाटा खरेदी करायचे. जावात एका क्लासला एकच पालक. माझ्या प्रोग्रॅममध्ये त्या एका माणसाची दोन माणसं झाली आणि त्यांची येणी-देणी वेगवेगळी पडली. तेव्हा सगळं मोडून पुन्हा लिहिलं: माणूस एकच, त्याचं शेतकरी म्हणून एक खातं आणि खरेदीदार म्हणून दुसरं. आजही आमच्याकडे कुणी 'एक्स्टेंड्स' (जावात वारसा सांगणारा शब्द) लिहिलं की आम्ही ते वाक्य मराठीत मोठ्याने म्हणतो. 'अमुक हा तमुक आहे' हे उद्याही खरं राहील का, की हे आजचं नुसतं काम आहे?

तसंच सारखेपणाचं. दोन नावं 'डबल इक्वल'ने (==) ताडली तर अक्षरं सारखी असूनही जावा 'नाही' म्हणू शकते, कारण ती विचारते की ही एकच वस्तू आहे का. अक्षरं ताडायला 'इक्वल्स' वापरावं लागतं. नवी मुलं एवढ्यावर थांबतात. पण एकाच गावातले, एकाच आडनावाचे, एकाच नावाचे दोन चुलतभाऊ आमच्या गाळ्यावर येत, आणि त्यांची अक्षरं ताडून उपयोग नव्हता. शेतकरी खाते क्रमांकाने ओळखायचा, हे आम्ही तिथे शिकलो.

2007 साली माझा प्रोग्रॅम आमच्याच गाळ्यावर चालू झाला. मालकांनी, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणत असू, दोन महिने हाताच्या पट्ट्या आणि मशीनच्या पट्ट्या शेजारी ठेवून तपासल्या. महिनाअखेरच्या बेरजेत काही पैशांचा फरक निघाला. कारण मी रुपये 'डबल'मध्ये, म्हणजे जावाच्या दशांश आकड्यांच्या प्रकारात, ठेवले होते. त्यात 0.1 आणि 0.2 यांची बेरीज बरोबर 0.3 येत नाही, शेपटीला 4 चा अंश राहतो, कारण मशीन दशांश द्विमानात साठवते. सगळ्या रकमा पैशांत, पूर्णांकात ठेवल्या आणि मेळ बसला. अण्णांनी शेजारच्या दोन गाळ्यांना सांगितलं. 2009 साली नोकरी सोडून भावाबरोबर धनकवडीत दहा बाय बाराच्या खोलीत गाळ्यांसाठी प्रोग्रॅम लिहिणारी फर्म सुरू केली.

मधली वर्षं गाळे वाढत गेले एवढंच. सांगण्यासारखा आहे तो जुलै 2016. फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असा सरकारचा निर्णय आला. आमच्या पट्टीत तोवर 'कपात' नावाचा इंटरफेस होता, म्हणजे प्रत्येक वजावटीने कोणत्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंच, याचा ठराव. आडत, हमाली, तोलाई हे प्रत्येकी स्वतंत्र क्लास, आणि पट्टी प्रत्येकीला फक्त विचारायची, 'माझ्यातून किती?' नव्या तारखेच्या पट्टीतून आडत काढली, खरेदीदाराच्या बिलाला जोडली. जुन्या पट्ट्या जुन्याच नियमाने दिसायला हव्या होत्या, म्हणून नियमाला 'कधीपासून' ही तारीख दिली. दोन रात्रींत काम झालं. शेतकऱ्याच्या कागदावरून एक वजावट गेलेली पहिली पट्टी छापून आली तेव्हा मी तिथे उभी होते.

आज आम्ही सात जण आहोत. नव्या माणसाला पहिले सहा आठवडे क्लायंटचं काम देत नाही. एक प्राथमिक पुस्तक, पहिल्या पानापासून, सगळे प्रश्न सोडवून. पगार पहिल्या दिवसापासून पूर्ण. भावाला सुरुवातीला हे जड वाटायचं, आता तोच वह्या तपासतो.

सध्या सासवडहून येणारी एक मुलगी इंटरफेसच्या प्रकरणावर आहे. आम्ही फुलबाजारासाठी काम घेतलंय. झेंडू किलोवर जातो, गुलाब गड्डीवर. परवा तिने विचारलं, "ताई, गड्डीला वजनच नाही, मग तोलाईने 'माझ्यातून किती?' याला काय उत्तर द्यायचं? शून्य, की तिला विचारायचंच नाही?" दोन्हीकडून बोलण्यासारखं आहे, आणि आमच्यातही एकमत झालेलं नाही. रविवारी पहाटे तिला घेऊन फुलबाजारात जाणार आहे. गड्डी बांधणारे काय म्हणतात ते आधी ऐकू.