पूर्णाआजी बरी दिसतेय

इंदूर, ३० डिसेंबर २०२५

"आज पूर्णाआजी बरी दिसतेय. चेहऱ्यावर तजेला आलाय बघ." जेवताना आई एवढंच म्हणाल्या आणि भाकरीचा तुकडा वरणात बुडवला. ह्यांनी मान डोलावली. मला मात्र पुढचा घास गिळवेना.

आई विसरायला लागल्यात असं अजिबात नाही. दुधाचा हिशेब अजून त्यांच्याकडेच आहे. 'ठरलं तर मग' या मालिकेत पूर्णाआजी करणाऱ्या ज्योती चांदेकर १६ ऑगस्टला गेल्या, तेव्हा गोपाळकाला होता. आई काल्यासाठी पोहे कालवत होत्या. बातमी सांगितली तर हात तसाच पातेल्यात राहिला. दह्याचे थेंब बोटांवरून परत पातेल्यात पडत होते आणि त्या नुसत्या बघत होत्या. "सायली हीच आपली नात, हे तिला कळायचं राहूनच गेलं गं," म्हणाल्या. त्या दिवशी टीव्ही लावू दिला नाही. नाना गेले तेव्हाही...

आता त्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी आहेत आणि त्याच आई आज म्हणतात, पूर्णाआजी बरी दिसतेय.

ताईने ग्रुपवर फर्मान काढलंय, प्रत्येकाने वर्षातलं सगळ्यात आवडलेलं आणि सगळ्यात निराश केलेलं लिहून पाठवायचं. उद्यापर्यंत. म्हणून ही वही घेऊन बसले.

आवडलेल्यात 'पाताल लोक'चा दुसरा सीझन, यात मला शंकाच नाही. पहिला २०२० सालचा, दुसरा या जानेवारीत आला. मधल्या काळात हाताखालचा अन्सारी आयपीएस होऊन इन्स्पेक्टर हाथीरामच्या वर गेलाय आणि तरी दोघांमधलं काही बदललेलं नाही, हे हाथीराम झालेला जयदीप अहलावत नुसत्या डोळ्यांनी सांगतो. अन्सारी मारला जातो त्यानंतरचा हाथीराम मला अजून आठवतो. त्या जागेवर कुणी येत नाही. ती जागा रिकामी ठेवायची हिंमत लिहिणाऱ्यांनी केली, म्हणून ती मालिका मोठी.

'अ‍ॅडोलेसन्स'ही पहिल्या रांगेतली. चार भाग, प्रत्येक भाग एका सलग शॉटमध्ये. तिसऱ्या भागात तो मुलगा आणि ती मानसशास्त्रज्ञ एका खोलीत बोलत बसतात, बाकी जवळजवळ काही नाही. तो भाग मी एकटीने पाहिला आणि कुणाशी बोलले नाही. आजही लिहवत नाही.

निराशेत 'पंचायत'चा चौथा सीझन. त्यातलं फुलेरा गाव उत्तर प्रदेशातलं दाखवतात, पण शूटिंग आपल्या सीहोर जिल्ह्यातल्या महोडिया गावात होतं. भोपाळला जाता-येता ती पाटी दिसली की आम्ही सगळे खिडकीकडे वळतो. आपल्या गावासारखी माया होती त्यावर. पण या वेळी आठही भाग निवडणूकच. एकीकडे लौकी, दुसरीकडे कुकर अशी चिन्हं, आणि कोण कुणाला खाली पाडतं याचीच धावपळ. प्रधान मंजूदेवी हरल्या याचं दुःख नाही, हरू देत. पण सचिवजी, विकास, प्रल्हादचा नुसतं बसून राहण्याचा वेळ कुठे गेला? प्रल्हादच्या गप्प बसण्यासाठी मी ती मालिका बघत होते.

नोव्हेंबरात 'फॅमिली मॅन'चा तिसरा सीझन आला, तोही इथेच. शेवट न करता मध्येच सोडून दिलं, हे मला फसवणुकीसारखं वाटलं. पण त्यात एक गोष्ट झाली, तीच आता सारखी डोक्यात फिरतेय. त्यात जयदीप अहलावतच खलनायक आहे, रुक्मा. जानेवारीत ज्याच्यासाठी मी रडले, तोच चेहरा नोव्हेंबरात माणसं मारतोय आणि मला क्षणभरही खटकलं नाही. चेहरा तोच आणि माणूस दुसरा, हे मी सहज मान्य केलं. मग माणूस तोच आणि चेहरा दुसरा, यानेच माझ्या पोटात का तुटतं?

हे वर्षच तसलं गेलं. जानेवारीत 'प्रेमाची गोष्ट'मधून तेजश्री प्रधान गेली आणि स्वरदा ठिगळे मुक्ता झाली. 'चला हवा येऊ द्या' परत आलं, तर नीलेश साबळेच्या जागी अभिजीत खांडकेकर. दर वेळी मी चिडले आणि आई म्हणाल्या, "होतं असं."

इथल्या सानंद या संस्थेच्या नाटकांना आम्ही इतकी वर्षं जातोय. मुंबईहून आलेल्या नाटकात कधी मूळ नटाच्या जागी दुसरा असतो. रिप्लेसमेंट आहे म्हणून कुजबूज होते, ती पहिल्या प्रवेशापर्यंत टिकते आणि मग आपण नाटकात शिरतो. तिथे मला कधी त्रास झाला नाही. पण नाटक आपण बघायला जातो. 'ठरलं तर मग' २०२२च्या डिसेंबरपासून आमच्या घरात येतंय, ताटं वाढलेली असताना. त्या बाईंचा आवाज कुकरच्या शिट्टीइतका घरचा झाला होता. आणि इथे तर त्या मालिका सोडून गेल्या नव्हत्या. त्या गेल्या होत्या.

रोहिणी हट्टंगडी वाईट करतात असं मी म्हणूच शकत नाही. 'गांधी'मधल्या कस्तुरबासाठी बाफ्टा मिळालेली बाई. आईंना त्यांची ओळखही नव्याने करून द्यावी लागली नाही. पहिल्या दिवशीच म्हणाल्या, "अगं, ही तर आपली 'चार दिवस सासूचे'मधली!" जणू लांब राहायला गेलेली जाऊ परत आली. दुसऱ्या दिवसापासून पूर्णाआजी.

खरं सांगायचं तर मला आईंचा राग आला. इतकं पटकन? चार महिन्यांत? मग उद्या या घरातल्या कुणाचंही... मी काय, कुणीही. नानांची खुर्ची खिडकीशी होती, ती आता टीव्हीसमोर आहे आणि तिच्यात मी बसते. ती तिथे कुणी आणली तेही आठवत नाही. आज जेवण झाल्यावर मी मुद्दाम सतरंजीवर बसले. आईंनी एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "पाठ दुखेल, वर बस," म्हणाल्या.

मग बसले वर.

भांडी आवरताना विचारलंच, "आई, तुम्हाला त्या आधीच्या आठवत नाहीत का?" त्या म्हणाल्या, "आठवतात की. रोज आठवतात. म्हणून हिची बघ किती काळजी वाटते, हिने तरी नीट राहावं."

हे मला सुचलं नव्हतं. मी दोघींची तुलना करत बसले होते आणि आई एकीची काळजी दुसरीच्या हवाली करून मोकळ्या झाल्या होत्या. सकाळचे पोहे आधी आजेसासूबाई करायच्या, मग आई, आता मी. ह्यांचे मित्र येतात ते घरचे पोहे मागतात, कुणाच्या हातचे ते विचारत नाहीत. आजवर त्याचं थोडं वाईट वाटायचं. आज तितकं वाटलं नाही.

तरी मला हिला पूर्णाआजी म्हणवत नाहीये. आई म्हणोत. मला अजून वेळ लागेल आणि तो मी घेणार आहे.

ताईला यादी पाठवली. निराशेत 'पंचायत' आणि 'फॅमिली मॅन'. आवडलेल्यात 'पाताल लोक', 'अ‍ॅडोलेसन्स' आणि ऑगस्टपर्यंतचं 'ठरलं तर मग'. ताईचा लगेच उलटा मेसेज, अर्ध्या वर्षाचं चालणार नाही, पूर्ण लिही. आईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "पूर्ण लिही गं, मी बघतेय ना अजून."