सातच्या आकड्याखालचा रंग

जर्सी छापणाऱ्यांना नवीन डिझाइनची भीती वाटत नाही. गिऱ्हाईक येऊन 'आमचा जुना रंग द्या' म्हणालं, की खरी कसोटी लागते. कोल्हापुरातल्या एका जुन्या तालमीच्या फुटबॉल संघानं ही मागणी घेऊन माझ्या कारखान्याची पायरी चढली, आणि त्या दिवशी कटिंग टेबलावर जे दिसलं ते अजून डोक्यातून जात नाही. काम पुरं झालेलं नाही. कदाचित म्हणूनच लिहिते आहे.

कोल्हापूरच्या बाहेरच्यांना एवढं सांगायला हवं की आमच्याकडे फुटबॉलचे बहुतेक संघ तालीम मंडळांचे आणि तरुण मंडळांचे. शाहू स्टेडियमवर केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, लीग सुरू झाली की पेठापेठांत रंग चढतात. झेंडे, पताका, दुचाकीवरचे स्टिकर, सगळं संघाच्या रंगात. सामन्यानंतर हाणामाऱ्या होतात, पोलीस बंदोबस्त लागतो, आणि बाहेरच्या वर्तमानपत्रांत आमच्या फुटबॉलची बातमी येते ती बहुतेक वेळा तेवढ्यापुरतीच. याचा मला मनापासून राग आहे. अनिकेत जाधव इथून जाऊन २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारताकडून खेळला, तो याच वेडातून. तर, रंग ही इथे हौसेची गोष्ट नाही. तो पेठेचा असतो.

माझं काम सब्लिमेशनचं. डिझाइन संगणकावर कोरलड्रॉमध्ये करायचं, खास कागदावर उलटं छापायचं, तो कागद पांढऱ्या पॉलिस्टरवर ठेवून दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या प्रेसमध्ये मिनिटभर दाबायचा. शाईची वाफ होऊन ती धाग्याच्या आत शिरते, म्हणून रंग धुतल्यानं जात नाही. पांढरा रंग या पद्धतीत छापताच येत नाही, कापडाचा पांढरा सोडून द्यावा लागतो. सुतीवर हे बसत नाही. आणि पडद्यावर दिसतो तो रंग कापडावर येईलच असं नाही. नेव्ही ब्लू जांभळट होतो, मरून तपकिरीकडे झुकतो. प्रेस पाच-सात अंश जास्त तापला तरी लाल रंगाचा नूर बदलतो. लोक व्हॉट्सॲपवर अंधारात काढलेला फोटो पाठवतात आणि 'सेम टू सेम पाहिजे' म्हणतात, तेही सामना दहा दिवसांवर आल्यावर. कुठला मोबाइल, कुठला दिवा, कशाचा पत्ता नसतो.

या संघाची जर्सी आज केशरी आहे, काळ्या बाह्यांची. गेली काही वर्षं दर हंगामात तिच्यावर काहीतरी नवं येतं. वाघाचे पंजे, विजा, ज्वाळा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी. इंटरनेटवरून उचललेली तयार फाइल, तिच्यावर प्रायोजकांचे लोगो, बाहीवर कोणाचा तरी फोटो, आणि तालमीचं बोधचिन्ह उरल्या जागेत. मीही अशा जर्सी छापते, माझं पोट त्यावर चालतं. पण मंडळाच्या खजिनदारांनी 'यंदा वर्धापनाला पहिल्या संघाची जर्सी जशीच्या तशी करायची' असं सांगितलं, तेव्हा मला फार बरं वाटलं.

पहिल्या संघाचा एकच फोटो होता, अर्थातच कृष्णधवल. जर्सी गडद करड्या, कॉलर पांढरी. कृष्णधवल फोटोवरून रंग सांगता येत नाही. लाल आणि हिरवा त्यात एकाच करड्या छटेचे दिसू शकतात. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक, म्हणजे लाल उजेड न टिपणारी, फिल्म असेल तर लाल थेट काळा दिसतो. त्यामुळे 'फोटोत काळी दिसते, म्हणजे काळीच असणार' हा खजिनदारांचा तर्क मी तिथेच थांबवला. खरी जर्सी कुणाकडे असेल तर शोधा म्हटलं.

त्या दिवशी सकाळी ते तिघा-चौघांना घेऊन आले. त्यांत पूर्वी सात नंबर घालून खेळलेले एक आबा होते, काठी टेकत आलेले. पिशवीतून तीन जर्सी निघाल्या. पहिली जाड सुती, कॉलरची, पाठीवर पांढऱ्या कापडाचा सातचा आकडा शिवलेला. ही आबांची. दुसरी त्यानंतरच्या पिढीतली, टेरिकॉटची. तिसरी चकचकीत पॉलिस्टरची, जालंधरहून तयार आलेल्या मालातली. मी तिन्ही टेबलावर ओळीनं मांडल्या. पहिली फिकट विटकरी. दुसरी विटकरीच, जरा गडद. तिसरी सरळ नारिंगी. आणि भिंतीवर टांगलेली आजची केशरी.

"बघा, म्हणजे पैल्यापासनं केशरीच की," खजिनदार खूश झाले. "जरा जुनाट झालीय, एवढंच."

मला ते पटेना. इचलकरंजीत टेक्स्टाइल शिकताना एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे: जुन्या कापडाचा रंग बाहेरून बघायचा नाही, जिथे ऊन पोचलं नाही तिथे बघायचा. शिवणीतला दाब, कॉलरची आतली घडी, खिशाखालचं कापड. या जर्सीला खिसा नव्हता, पण सातचा आकडा होता. त्याच्या खालच्या टोकाचे टाके झिजून सुटले होते, त्यामुळे उसवायची गरज पडली नाही. मी आबांना विचारलं, "आबा, हे टोक जरा उचलू का?"

"उचल की पोरी. फाडू नगंस म्हंजे झालं."

टेबल ओढून मागच्या अंगणात नेलं. ट्यूबलाइटखाली रंग बघणं म्हणजे स्वतःची फसवणूक. एका दिव्याखाली जुळलेले दोन रंग दुसऱ्याखाली वेगळे पडतात. दिवसाच्या उजेडात, सावलीत, मी आकड्याचं टोक चिमट्यानं उचललं. खाली डाळिंबी होता. फिका नाही, मळका नाही, पिकलेलं डाळिंब फोडल्यावर दिसतो तसा, निळसर झाक असलेला गर्द लाल. आकड्याची कड जिथे संपते तिथे रेघ मारल्यासारखा तो थांबत होता आणि पुढे सगळी विटकरी. आकड्याच्या पांढऱ्या कापडाची आतली बाजूही गुलाबी झाली होती. खालचा रंग धुताना त्यात उतरला असणार.

कुणी काही बोललं नाही. मग मी दुसऱ्या जर्सीची काखेतली शिवण उलटी केली. मला वाटलं होतं की तिथेही आत डाळिंबी सापडेल. सापडला नाही. दुसरी जर्सी आतूनही विटकरी होती. म्हणजे ती शिवतानाच विटकरी कापडाची शिवली होती. तिच्या आतल्या शिवणीचा तुकडा पहिल्या जर्सीच्या बाहेरच्या अंगावर ठेवला, तर दोन्ही रंग जवळजवळ एकमेकांत मिसळून गेले.

मला जे कळलं ते असं. पहिल्या संघासाठी पांढरं सुती कापड आणून पेठेतल्या रंगाऱ्याकडून रंगवून घेतलं होतं, हे आबांनीच सांगितलं. सुतीवर त्या काळी स्वस्तातले डायरेक्ट डाय चालत. ते धुण्यात सुटतात आणि उन्हात उडतात. डाळिंबीसारखी छटा बहुधा एका डब्यातून येत नाही, लालात निळा मिसळून ती साधतात. मिश्रणातले रंग एकाच वेगानं उडत नाहीत. इथे निळा आधी गेला, लाल फिका पडत मागे राहिला आणि डाळिंबीचा विटकरी झाला. काही वर्षांनी नव्या जर्सी शिवायची वेळ आली, तेव्हा कुणीतरी नमुना म्हणून जुनी जर्सी कापडवाल्यासमोर टाकली असणार. त्यानं समोर दिसला तो रंग दिला. पुढच्या वेळी तयार माल मागवला. तयार मालात विटकरी मिळत नाही, जवळचा मिळतो तो नारिंगी. आणि नारिंगीचा केशरी व्हायला कोल्हापुरात वेळ लागत नाही. रंग बदलायचा ठराव कोणी केला नाही, कुठल्या बैठकीत चर्चा झाली नाही. प्रत्येकानं इमानानं आधीच्याचीच नक्कल केली.

मंडळाचा एक पोरगा ब्राझीलचा कट्टर, वर्ल्ड कपला गल्लीत पिवळे झेंडे लावणाऱ्यांपैकी. तो म्हणाला, "ताई, मग काय झालं? ब्राझीलनं पण बदललाच की रंग." बदलला, पण तो ठरवून. १९५० मध्ये ब्राझील पांढरी जर्सी घालत असे, निळ्या कॉलरची. त्या वर्षी वर्ल्ड कपमध्ये रिओच्या माराकाना स्टेडियमवर उरुग्वेकडून २-१ अशी हार झाली आणि ती पांढरी जर्सी लोकांना नकोशी झाली. १९५३ मध्ये 'कोरेइओ दा मान्या' या रिओच्या वर्तमानपत्रानं स्पर्धा लावली. अट एकच: राष्ट्रध्वजातले चारही रंग वापरायचे. जिंकला आल्डिर श्ली नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा. पिवळा शर्ट, हिरव्या कडा, निळी चड्डी, पांढरे मोजे. तो उरुग्वेच्या सीमेवरच्या गावचा होता, आणि स्वतः उरुग्वेचा चाहता. १९५४ पासून ती जर्सी मैदानात आली. तिथे कुणी काय आणि का बदललं, सगळं नोंदलेलं आहे.

आमच्या या संघासारखी गोष्ट मला आठवते ती इटलीच्या युव्हेंटस क्लबची. सुरुवातीला त्यांच्या जर्सी गुलाबी होत्या आणि धुऊन धुऊन विटत. १९०३ मध्ये क्लबच्या एका इंग्लिश सदस्यामार्फत इंग्लंडहून नव्या जर्सी मागवल्या, तर नॉटिंगहॅमहून तिथल्या नॉट्स काउंटी क्लबच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या आल्या. त्याच पट्ट्यांवर आज जग त्यांना ओळखतं. धुण्यात न टिकलेल्या रंगानं एका क्लबची ओळख बदलली. रंग टिकाऊ असता तर तो क्लब आजही गुलाबीच असता का, हे मी टेक्स्टाइलची विद्यार्थिनी असल्यापासून विचारत आले आहे.

तर मी डाळिंबीचा नमुना काढायला बसले. यात मला अभिमान आहे, सांगतेच. एकाच लालात निळा आणि काळा थोडा थोडा बदलत चौकटींचा तक्ता छापला, प्रेसचं तापमान आणि वेळ प्रत्येक चौकटीखाली लिहिली, आणि सगळ्या चौकटी सावलीत त्या आकड्याखालच्या कापडाशेजारी धरून बघितल्या. पॉलिस्टरला चमक असते, सुतीला नसते, त्यामुळे तोच रंग पॉलिस्टरवर उथळ दिसतो. म्हणून डॉट निट हे जर्सीचं चकचकीत कापड बाजूला ठेवून मंद पोताचं कापड घेतलं. संध्याकाळपर्यंत एक जर्सी शिवून तयार झाली. पांढरी कॉलर, पाठीवर पांढरा सात, बाकी काही नाही. प्रायोजकही नाही. माझ्या हातून इतकी देखणी जर्सी आजवर गेलेली नाही.

आबांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाले, "ह्यो न्हवं."

मी आकड्याचं टोक पुन्हा उचलून दाखवलं. त्यांनी पाहिलं. "आसंल. पन मी खेळलो तवा ह्यो रंग न्हवता. आमचा त्यो," आणि बोट विटकरीवर ठेवलं. मग बोलता बोलता कळलं की जर्सी खेळाडूच्या मालकीची नसायची, तालमीची असायची. सात नंबर आधी आबांचे थोरले भाऊ घालायचे. ते थांबल्यावर तीच जर्सी आबांच्या अंगावर आली. "वयनी लई कुरकुरायची," ते हसत म्हणाले, "दुसऱ्या कापडांला लाली लागायची म्हनून ही एकटीच भिजवाया लागायची." म्हणजे त्यांच्या वहिनींच्या बादलीत डाळिंबी वाहून जात होता, आणि आबांच्या वाट्याला आली ती उरलेली विटकरी. हे मी बोलून दाखवलं नाही. त्यांनी त्याच जर्सीत गोल मारले आहेत.

खजिनदारांपुढे आता पेच आहे. कापड म्हणतं डाळिंबी. घालून खेळलेला, हयात असलेला माणूस म्हणतो विटकरी. आणि गॅलरीत येणारी हजारो पोरं केशरीशिवाय काही जाणत नाहीत. मालकानं वरून रंग लादला तर काय होतं ते वेल्सच्या कार्डिफ सिटी क्लबनं दाखवलं आहे. २०१२ मध्ये निळ्याचा लाल केला, प्रेक्षक सतत चिडलेले राहिले, आणि जानेवारी २०१५ मध्ये परत निळा आणावा लागला. आमच्याकडे तर प्रेक्षक त्याहून तापट. शिवाय एक साधी अडचणही आहे. समोरचा संघ गर्द रंगाचा असेल, तर संध्याकाळच्या उजेडात डाळिंबी उठून दिसत नाही, आणि पंच बदल मागू शकतात. केशरी लांबूनही दिसतो.

माझं मत मी खजिनदारांना सांगितलं आहे. लीग केशरीतच खेळा, तो रंग आता पोरांनी कमावलेला आहे. वर्धापनाचा प्रदर्शनी सामना मात्र डाळिंबीत खेळा, आणि आबांना मैदानात बोलवाल तेव्हा त्यांच्यासाठी सात नंबरची विटकरी जर्सी मी वेगळी छापून देते, त्याचे पैसे नकोत. ब्राझीलवाल्या पोराला अर्ध्या वेळेला जर्सी बदलायची आहे, पहिला हाफ डाळिंबी, दुसरा केशरी. ते मला पटत नाही, तमाशा होईल. कमिटीची बैठक रविवारी आहे. तोवर तिन्ही रंगांचे छापील तुकडे, तापमान, वेळ आणि शाईचं प्रमाण लिहून, तालमीच्या कपाटात ठेवायला दिले आहेत. पुढच्या वेळी नमुना म्हणून कुणी धुतलेली जर्सी घेऊन माझ्याकडे येऊ नये.

आणि तुमच्या घरात, माळ्यावर, ट्रंकेत कुठल्याही जुन्या संघाची जर्सी असेल, तर ती उन्हात घालू नका, धुऊ नका. आधी आकडा शिवलेला आहे का बघा, आणि त्याचं टोक सुटलं असेल तर उचलून मला फोटो पाठवा. दिवसाच्या उजेडात काढलेला.