पूररेषेत घरं नकोतच

नदीकाठच्या राखीव जमिनीवर घरं बांधायची का यावर वाद सुरू झाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, भराव टाकून जमीन उंच केली की झालं, पाणी येणारच नाही. अहो पण मग ते पाणी जाणार कुठं? नदीला पसरायला जागा लागतेच, इथं भराव टाकलात तर ते शेजारच्या जुन्या वस्तीत शिरणार, आणि त्या लोकांना मीटिंगला कुणी बोलावलेलंही नसतं. पाणथळ जमीन वरून नुसता चिखल नि लव्हाळी दिसते, पण पुराचं पाणी धरून ठेवून हळूहळू सोडायचं काम तीच करते, त्यावर काँक्रीट ओतलं की ते संपलं.

शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणतात ना, त्याचा हिशोब कुणी नीट सांगतच नाही. दरवर्षी १ टक्का शक्यता, म्हणजे ३० वर्षांच्या होम लोनमध्ये असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता साधारण २६ टक्के! बिल्डर फ्लॅट विकून मोकळा होतो, हप्ते आणि ओल्या भिंती राहणाऱ्याच्या नशिबी.

घरांची गरज खरी आहे, भाडं भरून पिचलेल्यांचा राग मला कळतो. पण आधी उंचावरचे पडीक प्लॉट, रिकाम्या इमारती बघा ना. आणि परवानगीआधी पुराचा नकाशा सगळ्यांसमोर मांडा, शेजारच्या वस्तीलाही बोलवा.