चौकाच्या आधी बोलणारा फलक

पुण्यात कर्वे रस्त्यावरील नळस्टॉपच्या चौकात संध्याकाळी सिग्नलला थांबलो की माझे लक्ष दिव्यांपेक्षा फलकांकडे अधिक जाते. येथे वाहनांचा उड्डाणपूल आहे आणि त्याच्याही वरून मेट्रो जाते. पुलावरून जायचे की खालून, हा निर्णय चढ सुरू होण्यापूर्वीच घ्यावा लागतो. त्यामुळे पुढे कोंडी असल्याचे सांगणारा, मजकूर बदलणारा इलेक्ट्रॉनिक फलक चढाच्या तोंडाशी लावला, तर त्याचा काहीही उपयोग होत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे सरकते. मजकूर वाचणे, मनाशी ठरवणे आणि मार्गिका बदलणे यांसाठी १० सेकंद धरले, तरी फलक किमान ११० मीटर आधी हवा. कर्वे रस्त्यावर, जिथे दोन्ही बाजूंनी दुचाकी सतत पुढे सरकत असतात, तिथे मी त्याहूनही अधिक अंतर ठेवीन. मजकूर मात्र चार शब्दांपलीकडे जाऊ नये.

खरा अवघड भाग गर्दी ओळखण्याचा आहे. रस्त्यात पुरलेली तारेची वेटोळी वरून धातू गेल्यावर होणाऱ्या विद्युत बदलावरून वाहन ओळखतात. परंतु दुचाकीत मोटारीपेक्षा धातू बराच कमी असतो आणि आपल्याकडे ती मार्गिकेच्या मधोमध क्वचितच चालते. म्हणून पुण्यात कॅमेऱ्याने रांगेची लांबी मोजणे मला अधिक योग्य वाटते. मुसळधार पावसात कॅमेराही चुकू शकतो. अशा वेळी जुनीच माहिती दाखवत राहण्याऐवजी फलक आपोआप कोरा व्हावा, असा माझा आग्रह आहे.